अर्धा एच.पी.

लोहाओळीत मे महिन्यात नवाच्या आत जावं,
नंतर लोखंड हात लावू देत नाही.

निमज्यांच्या दुकानापुढे कूलरच्या मोटरींचा ढीग,
निम्म्या गेल्या उन्हाळ्यात मेलेल्या,
उरलेल्या या उन्हाळ्यात.
त्या नकोत. मला अर्धा एच.पी. हवी,
सिंगल फेज, चौदाशे चाळीस फेरे.
गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत लेथ बसवायचाय,
कानशींच्या मुठी करायच्यात सागाच्या
आणि मग जे सुचेल ते.

"साहेब नाही आले?" निमजे विचारतात.
साहेब नाहीतच.
मी म्हणते, मोटरी दाखवा.

आधी वास.
हे कुठल्या सरांनी शिकवलं नाही.
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं
पोरांना तारा जोडून देता देता
नाकानंच शिकून घेतलं:
जळक्या वार्निशाचा वास आला
की पुढचं काही पाहायचं नाही,
रंग नवा असेल तर मुळीच नाही.
पहिली तशीच निघाली. वरून हिरवीगार, आत कोळसा.
दुसरीचा शाफ्ट वरखाली हलत होता
पडायला आलेल्या दातासारखा.
तिसरीची तार नखानं खरवडली, आत पांढरं चमकलं.
"तांबं म्हणाले होते तुम्ही."
निमजे समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागले.

चौथी ढिगाच्या तळाशी होती.
जाळीच्या फटींत पीठ बसलेलं, घट्ट, पिवळट.
कोणाच्या तरी घरची चक्की.
फुंकर मारली तर नाकात ज्वारी गेली.
कंपनीची पट्टी घासून कोरी झालेली,
तिच्याखाली खिळ्यानं कोरलेलं:
बेबीताईची आहे. परत करणे.

शाफ्ट फिरवला.
लोण्यासारखा वगैरे नाही,
पण खरखर नाही, मध्येच अडकणं नाही,
आपल्या वजनानं थांबला.
टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला, एक तारेला.
दिवा लागला नाही. दिवा लागला नाही
याचा आनंद होणारी बाई
निमज्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली.

मग प्लगला लावली.
हूं... म्हणाली आणि तशीच बसून राहिली,
उठायचं मनात आहे पण गुडघे ऐकत नाहीत तशी.
"गेली ना जी हे," निमजे म्हणाले,
"भंगाराच्या भावानं घेऊन जा."

मला ठाऊक होतं:
हातानं एक झटका द्या,
ज्या बाजूला द्याल त्या बाजूला धावेल.
मोटर शाबूत आहे, कपॅसिटर तेवढा मेलाय.
झटका दिला नाही.
बोटं ओढणीत गुंडाळली
आणि तोंड तसं ठेवलं
जसं प्रॅक्टिकलच्या दिवशी ठेवायचे,
बाहेरचे परीक्षक उभे असताना
पोरगं चुकीच्या टर्मिनलवर हात ठेवून
माझ्याकडे बघायचं तेव्हा.

काट्यावर अकरा किलो, वर थोडं.
"पीठ वजा करा," मी म्हटलं.
निमजे हसले नाहीत,
पिठाचे वीस रुपये सोडले.

स्कूटीच्या पायदानावर मोटर, तिच्यावर पाय,
चावी फिरवली तोच मागून हाक:
"ताई! कपॅसिटर शंभरचा लावजा,
पंख्याचा नोका लावू,
नाही तं मंग मले शिव्या द्याल!"

वळून पाहिलं.
ते एका जळक्या मोटरीला
हिरवा रंग देत बसले होते,
फार निगुतीनं.

जगनाडे चौकापर्यंत राग होता.
सिग्नलला उभी राहिले तेव्हा हसू आलं,
शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

पीठ सुईनं टोकरून काढलं, अर्धी वाटी निघालं.
गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, चिमण्या आल्या नाहीत,
मुंग्या आल्या.
कपॅसिटर उद्या.
आज नुसती प्लगला लावली, हूं म्हणाली,
चामड्याचा तुकडा धरून शाफ्टला उजवीकडे ढकललं.
उजवीकडे धावली.
बंद केली, थांबू दिली, डावीकडे ढकललं.
डावीकडे.

असं चार-पाच वेळा.
काही तपासायचं उरलं नव्हतं.

मग पॉलिश पेपरनं सगळी बॉडी घासली
बेबीताईचा भाग सोडून.